नदीत सांडलेलं तेल काढतात कसं?

टँकर उलटून तेल नदीत गेलं तर ते काढता येतं का, आणि साबणाचं पाणी मारून का संपवत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. साबणाचं आधी सांगतो. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं. मग वरून उचलायला काही उरत नाही आणि माशांच्या कल्ल्यांत मात्र भरपूर जातं. खोल समुद्रात तशी रसायनं परवानगी घेऊन फवारतात. नदीतून गावं पाणी पितात, तिथे हा उद्योग नको.

मी बडोद्याचा, नोकरी कारखान्याच्या सेफ्टी विभागात झाली. आमच्याकडे नव्या पोरांना पहिली गोष्ट सांगायचो ती ही, की तेलाच्या मागे धावू नका, त्याच्या पुढे जाऊन थांबा. जिथे सांडलं तिथे सगळे गर्दी करतात, आणि तोवर तेल पुढच्या पुलाखालून गेलेलं असतं. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, म्हणजे नदी अगदी संथ वाटते, तरी दोन तासांत तेल साडेतीन किलोमीटरच्या पुढे जातं. सरावाला आम्ही पाण्यात मुरमुरे टाकायचो. तेलासारखेच तरंगतात, वाऱ्याने सरकतात, आणि कुठल्या वळणावर काठाला लागतात ते डोळ्यांना दिसतं. शिवाय राहिले तर मासे खातात. तेल अडवायची जागा त्या वळणालाच.

अडवायला लागतो तो बूम, म्हणजे तरंगणारा लांबलचक पट्टा, खाली पाण्यात पडद्यासारखी झालर असलेला. पाहणाऱ्याला वाटतं की तो या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवा ताणायचा. तसा ताणला तर प्रवाह जोरात असताना तेल झालरीखालून निसटतं. पट्ट्यावर काटकोनात येणारा वेग सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटरच्या वर गेला की हे सुरू होतं. म्हणून तो तिरका लावतात, पाणी जितकं जोरात तितका जास्त तिरका. अर्ध्या मीटरच्या वेगाला प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंश चालतात, एक मीटरच्या वेगाला २० अंशांवर यावं लागतं. तिरक्या पट्ट्यावरून तेल घसरत काठाच्या शांत पाण्यात जमतं आणि तिथून स्किमरने, म्हणजे वरचं तेल उचलणाऱ्या यंत्राने, किंवा सक्शन टँकरने ओढून घेतात. शेवटी उरलेला पातळ थर शोषक पॅडने टिपायचा. पॅड असे असतात की तेल पितात, पाणी पीत नाहीत.

लहान नाला असेल तर सरळ मातीचा बांध घालावा आणि त्यात पाइप टाकावेत, पाणी येतं त्या बाजूचं तोंड खाली बुडलेलं आणि पलीकडचं वर उचललेलं. खालचं पाणी पाइपातून वाहतं, वरचं तेल बांधाला अडतं. जेसीबी आणि चार पाइप मिळाले की झालं, आणि ते कुठल्याही तालुक्यात मिळतात. मला ही युक्ती महागड्या बूमपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत. परदेशी व्हिडिओत माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बूम ओढतात, ते पाहून इथे कुणी उतरू नये. दोर टाकून काठावरूनच ओढावा.

पाणीपुरवठ्याला फोन सगळ्यात आधी. बडोद्याचं बरंचसं पाणी मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे वाळूखालून पाणी ओढणाऱ्या विहिरींतून येतं. वाळूतून गाळून येत असल्याने तरंगतं तेल लगेच विहिरीत शिरत नाही, पण पेट्रोल-डिझेलचा जो अंश पाण्यात विरघळतो त्याला वाळू अडवत नाही.

हे सगळं तरंगणाऱ्या तेलाचं झालं. अमेरिकेत मिशिगनमध्ये जुलै २०१० मध्ये पाइपलाइन फुटून कलामाझू नदीत जड डांबरी तेल गेलं. ते पातळ करायला मिसळलेला हलका भाग उडून गेला आणि डांबर तळाला बसलं. नियंत्रण कक्षात इशारे वाजत असूनही पाइपलाइन बंद पडायला १७ तास गेले होते. पुढे तळाचा गाळ उपसण्यात वर्षं गेली. याउलट डिसेंबर २०१४ मध्ये बांगलादेशच्या सुंदरबनात शेला नदीत जहाज बुडालं आणि सुमारे साडेतीन लाख लिटर फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्यांत जाळायचं जड तेल सांडलं, तेव्हा गावकऱ्यांनी भांडी आणि स्पंज घेऊन हातांनी तेल गोळा केलं. सरकारी तेल कंपनीने ते लिटरवर विकतही घेतलं. तेल निघालं खरं, पण उघड्या हातांनी. हे मला अजून खटकतं.

पेट्रोल असेल तर मात्र अडवायच्या भानगडीत पडू नये. एका जागी जमलेल्या पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते. लोकांना लांब करायचं आणि ते वाहत, उडत जाऊ द्यायचं. म्हणून टँकर उलटलेला दिसला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला राहून, लांबूनच, त्याच्या पाठीवरचा फलक वाचा. त्यावर चार आकडी नंबर असतो, १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. ११२ ला फोन लावून जागेबरोबर तो नंबरही सांगा. येणारी गाडी बूम घेऊन यायची की आगीवरचा फेस घेऊन, ते त्यावरून ठरतं.