सॉफ्टवेअर काढून टाकलं, तरी कार्डातून पैसे जातात

प्रश्न : लॅपटॉपवर आधीपासून असलेल्या अँटिव्हायरसची मोफत मुदत सुरू करताना कार्डाचा नंबर दिला होता. पुढे ते अनइन्स्टॉल केलं. तरी टास्क मॅनेजरमध्ये (लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या यादीत) त्याच्या प्रोसेस चालूच दिसतात, 'आत्ताच नूतनीकरण करा' असे पॉपअप येतात आणि गेल्या आठवड्यात ओटीपी न मागता २,४९९ रुपये कापले गेले. बँक म्हणते, कंपनीशी बोला. – एक वाचक, सांगली

उत्तर : सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. नंबर देताना तुम्ही ई-मँडेटला, म्हणजे कार्डातून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याला, मंजुरी दिली होती; एकदा ती दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुलीला ओटीपी लागत नाही. म्हणून आधी मँडेट बंद करा. ते तुमच्या बँकेकडेच, ऑनलाइन होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मँडेट केव्हाही मागे घेण्याची सोय बँकेने द्यायलाच हवी, त्यामुळे 'कंपनीशी बोला' हे उत्तर इथे चालत नाही.

आता जुने एसएमएस आणि ईमेल नीट चाळा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवायला हवी होती. ती आली नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सूचना आली होती आणि तुमच्या नजरेतून सुटली, तर मात्र बँकेविरुद्धची बाजू लंगडी पडते, हे स्पष्टच सांगतो.

कंपनीविरुद्धची बाजू त्याहून बळकट आहे. फसव्या डिझाइनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२३ला आली. वर्गणी रद्द करण्याचा पर्याय लपवणं, किंवा मोफत सेवेसाठी आपोआप वसुलीची मंजुरी द्यायला भाग पाडणं, हा त्यांत 'सब्स्क्रिप्शन ट्रॅप' ठरतो. नको असताना पुन्हा पुन्हा येणारे पॉपअपही त्यांत बसतात. मागे उरलेल्या प्रोसेसबद्दल लोक लगेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ (परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात ढवळाढवळ) काढतात. मी तिकडे आत्ता वळणार नाही. परवान्याच्या अटींत तुम्ही कशाकशाला संमती दिली, यावरच तो वाद अडकेल.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा : वर्गणी रद्द, रक्कम परत, उरलेल्या प्रोसेस काढण्याचं टूल द्या. टूल चालवण्याआधी टास्क मॅनेजर आणि पॉपअपचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर पुरावाच पुसला जाईल. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामटे टपून बसलेले असतात. लॅपटॉपचा ताबा मागतील.

दाद मिळाली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, एवढ्या रकमेला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. २,४९९ रुपयांसाठी वकील करू नका, मीसुद्धा नको.