'उच्चभ्रू' वेगळं, 'शहरी' वेगळं

नाशिकवर लेख लिहिणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, की कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांना 'उच्चभ्रू' म्हणायचं की 'शहरी', दोन्ही एकच ना, आणि एखादा पैसेवाला भाग खरोखर शहरासारखा वाटतो तेव्हा त्यात जे काही असतं त्याला मराठीत शब्द आहे का.

ताई, दोन्ही एक नाहीत, कृपा करून एकाच्या जागी दुसरा वापरू नका. 'उच्चभ्रू' हा इंग्रजी 'हायब्रो'वरून बेतलेला शब्द, भ्रू म्हणजे भुवई. तिकडे त्याचा अर्थ बुद्धीनं, अभिरुचीनं वरचढ असा, आपल्याकडे तो पेपरांमधून पैशाला चिकटला आणि आता 'उच्चभ्रू वस्तीत घरफोडी' वाचलं की डोळ्यासमोर बंगले नि गाड्याच येतात. बोलताना तर आपण सरळ 'पॉश एरिया' म्हणतो. म्हणजे मोठं कंपाउंड, गेटवर वॉचमन आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. यात श्रीमंती आली, शहर कुठं आलं?

'शहर' फारसीतून आलेला, आणि 'शहरी' आज ग्रामीणच्या विरुद्ध एवढ्याच कामाचा उरलाय. 'नागर' शब्द सुंदर आहे, जुन्या मराठीत त्याचा अर्थ देखणं, सुबक असाही होता, पण त्याच्या उलट 'ग्राम्य' म्हणजे असभ्य ही जोडी मला मुळीच पटत नाही, खेड्यावर तो अन्याय आहे. आणि 'नगर' म्हणाल तर ते आता कुठल्याही लेआउटला लागतं, महात्मानगर, गोविंदनगर, इंदिरानगर, आणि विसे मळा, येवलेकर मळा ही नावंही तशीच टिकून आहेत, म्हणजे इथं शेती होती हे अजून पत्त्यात लिहिलं जातं.

आता नाशिककर बोलतात कसं ते बघा. गंगापूर रोडला राहणारा माणूस मेन रोडला निघाला की घरात सांगतो, "जरा गावात जाऊन येतो." रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार हे जुन्या नाशकातलं सगळं 'गाव'. 1982 ला महापालिका झाली, शहर चहूकडे पसरलं, तरी ते गावच राहिलं, आणि माझ्या मते सगळ्या नाशकात सर्वात जास्त शहर तिथंच आहे. जुन्या बाजारपेठेतली रचना आठवा, खाली पेढी नाहीतर दुकान, वर घर, वाड्याचा ओटा थेट रस्त्याला लागलेला, तिथं भाजीवाली टोपली टेकवून दम खाणार, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, निघालेले यात्रेकरू पत्ता विचारणार, पलीकडून तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक. सराफ, सावकार हे काही गरीब लोक नव्हते, पण त्यांच्या दारावरून सगळं गाव जायचं.

याला मराठीत 'गर्दी' म्हणून चालणार नाही, गर्दी नुसती संख्या सांगते आणि बहुतेकदा तक्रारीच्या सुरात. 'वर्दळ' बरा, त्यात ये-जा आहे. 'गजबज' मध्ये आवाज आहे, जिवंतपणा आहे. पण मला विचाराल तर नेमका शब्द 'राबता'. मूळ अरबी, तिथं अर्थ संबंध, नातं असा, मराठीत त्याचा झाला माणसांचं नेहमीचं येणं-जाणं. "त्यांच्याकडे सतत माणसांचा राबता असतो" असं आपण घराबद्दल म्हणतो तसं ते रस्त्याबद्दलही बिनधास्त म्हणावं. जिथं न राहणाऱ्यालाही यायला काहीतरी कारण असतं तिथं राबता असतो. कॉलेज रोडवर तो आहे कारण एचपीटी, बीवायके ही कॉलेजं, क्लासेस, दवाखाने, खाण्याच्या गाड्या, संध्याकाळी बंद दुकानाच्या पायरीवर वडापाव खात बसलेली पोरं, आणि त्यातलं कोणी तिथल्या महागड्या फ्लॅटमध्ये राहत नसतं. गंगापूर रोडच्या आतल्या बंगल्यांच्या गल्ल्यांना मात्र 'निवांत' म्हणा, तो चांगला शब्द आहे आणि तिथल्या लोकांना तेच हवं असतं, फक्त त्याला शहरीपण म्हणू नका.

तेव्हा तुमच्या लेखात 'कॉलेज रोड हा उच्चभ्रू आणि म्हणून शहरी भाग' यातलं 'म्हणून' आधी काढा, आणि असं काहीतरी लिहा: 'कॉलेज रोडला घरं महाग आहेत, पण रस्त्याला राबता सगळ्या नाशिकचा आहे.'