‘कार्पेंटर’च्या आधी कोण होता?

प्रश्न : मॅडम, मी १४व्या शतकातल्या इंग्लंडवर एक दीर्घकथा लिहितो आहे. नायक खेड्यात लाकूडकाम करतो. एका कोशात त्याच्यासाठी ‘राइट’ (wright) शब्द सापडला, दुसऱ्यात ‘कार्पेंटर’. गावातले लोक त्याला नेमकं काय म्हणत असतील? आणि ‘प्लेराइट’मधला ‘राइट’ म्हणजे लिहिणाराच ना?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी इंग्रज कवी चॉसर काढला, कारण तुमचं निम्मं उत्तर त्याच्या एका ओळीत आहे. ‘कँटरबरी टेल्स’ या आपल्या कथाकाव्याच्या सुरुवातीला तो जहागिरीच्या कारभाऱ्याची, म्हणजे रीव्हची, ओळख करून देतो. तरुणपणी हा माणूस एक चांगला धंदा शिकला होता, असं सांगून पुढे लिहितो, ‘ही वॉज अ वेल गुड राइट, अ कार्पेंटर’. दोन्ही शब्द एकाच ओळीत, शेजारी शेजारी! ही ओळ १४व्या शतकाच्या अखेरीची. तेव्हा तुमच्या नायकाच्या कानावर दोन्ही शब्द पडत असणार.

पण दोघांचं कूळ वेगळं. ‘राइट’ मूळचा घरचा. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘व्युर्ख्ता’, म्हणजे करणारा, घडवणारा. ‘वर्क’ हा त्याचा सख्खा भाऊ. लाकडातून घडवणारा तो ‘त्रेओव्युर्ख्ता’. ‘त्रेओ’ म्हणजे झाड किंवा लाकूड. इ.स. १०००च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या संन्यासी शिक्षकाने मुलांना लॅटिन यावं म्हणून एक संवाद रचला. त्याच्या एका प्रतीत लॅटिन ओळींच्या वर इंग्रजी अर्थ लिहिलेले आहेत आणि सुतारावर हाच शब्द आहे. संवादात सुतार विचारतो, माझ्या कसबावाचून तुमच्यापैकी कोणाचं चालतं? घरं, भांडी, जहाजं सगळ्यांसाठी मीच करतो. त्यावर लोहार म्हणतो, माझ्या कसबावाचून तुला एक भोक तरी पाडता येईल का? वर्गात मी हा संवाद दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवत असे. हजार वर्षांपूर्वीची माणसं इतकी स्पष्ट बोलताना फार थोड्या ठिकाणी ऐकू येतात.

‘कार्पेंटर’ बाहेरून आला, १०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, त्या राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. त्याच्यामागे लॅटिन ‘कार्पेंतारिउस’ आहे, म्हणजे ‘कार्पेंतुम’ नावाची दोन चाकांची गाडी बनवणारा. तो गाडीचा शब्दही रोमनांनी गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक लोकांकडून घेतला होता. गाडीवाला सुतार फ्रेंचमध्ये येईपर्यंत सगळ्याच लाकूडकामाचा सुतार झाला. दरबाराचा आणि हिशेबाच्या वह्यांचा व्यवहार लॅटिन-फ्रेंचमध्ये चाले, त्यामुळे लेखी नोंदींत हा शब्द वरचढ ठरला. म्हणून माझा सल्ला असा : कारकून त्याचं नाव वहीत लिहितो तिथे ‘कार्पेंटर’ ठेवा, शेजारीण कुंपणापलीकडून हाक मारते तिथे ‘राइट’. कथा उत्तर इंग्लंडात किंवा स्कॉटलंडात घडत असेल तर ‘राइट’कडेच झुका, तिकडे तो पुढे कितीतरी काळ टिकला. उच्चार मात्र आजचा नव्हता. आरंभीचा ‘व’ आणि मधला ‘ख’सारखा घर्षणाचा आवाज, दोन्ही ऐकू येत. ‘व्रिख्त’ म्हणून पाहा. आजच्या स्पेलिंगमधली मुकी अक्षरं तेव्हा बोलत होती.

नायक नक्की काय बनवतो, हेही ठरवून टाका. ‘राइट’च्या आधी वस्तूचं नाव लागलं की धंदा कळे. चाकं करणारा व्हीलराइट, माल वाहायच्या गाड्या करणारा वेनराइट किंवा कार्टराइट, नांगर करणारा प्लाउराइट, धान्या-पिठाच्या मोठ्या पेट्या करणारा आर्कराइट. यातली कितीतरी आज आडनावं आहेत. जहाजं बांधणारे ते शिपराइट. यॉर्क शहरात कारागिरांचे संघ बायबलमधले प्रसंग नाट्यरूपाने करत, त्यात नोहाच्या नौकेच्या बांधणीचा प्रसंग याच शिपराइटांकडे असे. मला ही वाटणी फार देखणी वाटते.

आणि ‘प्लेराइट’? तो लिहिणारा नव्हे, घडवणारा. हा शब्द १७व्या शतकातला. चाक घडवावं तसं नाटक घडवणारा. मराठी वाचकाला हे पटकन पटावं, कारण आपला ‘सुतार’ संस्कृत ‘सूत्रधार’मधून आला आणि नाटकाचा सूत्रधारही तोच शब्द.

आता कामाबद्दल थोडं, कारण शब्द बरोबर आणि हात चुकीचे असं होऊ नये. तुमचा नायक घरांचे सांगाडे उभारत असेल तर त्याला वाळलेलं लाकूड देऊ नका. ओक वाळला की दगडासारखा होतो, म्हणून तो ओलाच तासत. सांध्याला खिळे नाहीत. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे कापून काढलेलं टोक, बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. यातली खुबी अशी की कुसवातलं भोक खाचेच्या भोकापासून मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळून घेई. सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरत, मग सुटा करून गाड्यांवर लादत. ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयातल्या जुन्या घरांत मी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आहे. हीच रीत राजालाही चाले. दुसऱ्या रिचर्डसाठी ह्यू हरलँड या सुताराने वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर १३९३पासून घडवायला घेतलं, ते सरेमधल्या फार्नहॅमजवळ. तिथून ओकच्या तुळया गाड्यांनी आणि पुढे थेम्स नदीतून होड्यांनी लंडनला गेल्या. त्या छपराखाली मी मान वर करून उभी होते, तेव्हा २० मीटरहून रुंद दालनात मधे एकही खांब नाही हे डोळ्यांना खरं वाटेना.

मजुरी विचारली नाहीत, पण कथेत ती लागेलच. प्लेगने माणसं मेली, कारागीर महागले, म्हणून १३५१च्या मजूर कायद्याने दर बांधून दिले : सुतारांच्या मुख्याला दिवसाला ३ पेन्स, बाकीच्यांना २. जास्त मागणारे आणि घेणारे पुष्कळ होते, त्यांच्यावर खटलेही भरले गेले. तुमचा नायक चौथा पेन्स मागतो की नाही, हे तुम्ही ठरवा.