दोन लॅन कार्डांच्या पीसीवर सारखा आयपी कॉन्फ्लिक्ट येतो, काय करावं?

तुमची मांडणी अशी दिसते: एक कार्ड राउटरला (१९२.१६८.१.१०), दुसरं थेट सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला (१९२.१६८.१.२०) आणि डीव्हीआर १९२.१६८.१.१०८ वर. कॉन्फ्लिक्टचा (एकच आयपी पत्ता दोन यंत्रांनी घेतल्याचा) मेसेज अधूनमधून येतो, डीव्हीआर मात्र मेसेज नसतानाही रुसतो. म्हणजे दुखणी दोन आहेत, एक समजून उपाय करू नका.

डीव्हीआरचं आधी. आकडे वेगळे असले तरी सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असताना पहिले तीन भाग सारखे, म्हणजे नेटवर्क एकच. १०८ ला गाठायला विंडोजपुढे दोन रस्ते असतात आणि ज्या कार्डाचं मेट्रिक (पसंतीचा क्रमांक) कमी ते ती निवडते. ते राउटरचं कार्ड निघालं की ती डीव्हीआरला नको त्या वायरीवर शोधत बसते. म्हणून दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.५०.१० द्या आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा पत्ता) रिकामा सोडा. बरेच जण तिथेही राउटरचा पत्ता भरून ठेवतात, मग इंटरनेटही लंगडतं. डीव्हीआरला १९२.१६८.५०.२० द्या, पण ते त्याच्या स्वतःच्या मॉनिटरवरून, माउस लावून. पीसीवरून करायला गेलात तर मध्येच संपर्क तुटेल.

आता मेसेज. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखाली सिस्टिम उघडा आणि ४१९९ नंबरची नोंद शोधा. पत्त्यावर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तिथे छापलेला असतो. कमांड प्रॉम्प्टवर 'ipconfig /all' चालवून तो स्वतःच्या कार्डांशी ताडून पाहा. तुमचा नसेल आणि त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर बहुधा कुणाचा तरी मोबाइल आहे. हल्लीचे फोन वायफायवर बनावट मॅक लावतात. तुम्ही पत्त्यातला शेवटचा १० हा आकडा हाताने भरलाय, राउटरला त्याची खबरच नाही, मग राउटर खुशाल तोच फोनला वाटतो. राउटरच्या डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटायच्या सोयीची) रेंज १०० पासून सुरू करा, किंवा पीसीचं कार्ड ऑटोमॅटिकवर टाकून राउटरमध्येच १० राखून ठेवा. मला दुसरं बरं वाटतं, कारण सगळे पत्ते एका जागी दिसतात.

कार्ड बदलल्यावर जुना पत्ता भरताना 'हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे' असं आलं, तर ते काढलेल्या कार्डाचं भूत. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' करा, फिकट दिसणारं ते कार्ड अनइन्स्टॉल करा. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीपीएनची कार्डंही तिथे दिसतील, त्यांना हात लावू नका.

शेवटी कमांड प्रॉम्प्टवर 'route print' चालवा. आयपीव्ही४ च्या 'ॲक्टिव्ह राउट्स' यादीत ०.०.०.० ची (म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या रस्त्याची) ओळ एकच असली पाहिजे. दोन दिसल्या तर कुठल्या तरी कार्डात गेटवे अजून शिल्लक आहे.