सिडकोतल्या ७४० पॉइंटचं काय करायचं

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. वडिलांचा नाशिकच्या सिडकोत केबलचा धंदा, एके काळी २,१०० पॉइंट, म्हणजे केबलच्या जोडण्या, आता ७४० उरलेत. तुम्ही पुण्यातली आयटीची नोकरी सोडून परत आलात आणि तुम्हाला नेटवरून कार्यक्रम दाखवणारं स्वतःचं ओटीटी ॲप काढायचंय. वडील म्हणतात, एखादी कंपनी देईल त्या किमतीला विकून मोकळं होऊ. घरात यावरून रोज वाद. मी १९९३ पासून पंचवटीत याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: आत्ता विकूही नका आणि ॲपही काढू नका.

धंदा नेमका कशानं गेला, तिथून सुरू करू. वडील बहुतेक २०१३ला दोष देत असतील. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या, म्हणजे घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसवण्याच्या, दुसऱ्या टप्प्यात नाशिक होतं, ३१ मार्च २०१३ची मुदत होती. बॉक्ससाठी भांडवल, घरोघरी फॉर्म, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं मीही सोसलंय. पण त्यानं पॉइंट गेले नाहीत. तेच चॅनल, तीच घरं, फक्त चित्र स्वच्छ झालं आणि हिशोब उघडा पडला. असा बदल महाग पडतो, पण धंदा ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातात राहतो.

धंदा उलथवणारा बदल वेगळा असतो. हार्वर्डच्या क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९०च्या दशकात हे मांडलं होतं. नवी गोष्ट सुरुवातीला आपल्यापेक्षा हलकी असते, स्वस्त असते, आणि ज्यांना आपण गिऱ्हाईक म्हणून मोजतच नाही त्यांच्याकडे आधी जाते. मी ते वाचलं फार उशिरा, पण त्यातलं एकेक वाक्य माझ्या वसुलीच्या वहीशी जुळत गेलं.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट मिळाला. पहिल्यांदा मोबाइलवर कोण बघायला लागलं? गंगापूर रोडला खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं, अंबडच्या कंपन्यांत तिन्ही पाळ्या करणारे, एका खोलीत चौघे राहणारे कामगार. त्यांच्याकडे आपला पॉइंट कधी नव्हताच. आम्ही म्हणायचो, एवढ्याशा पडद्यावर, अडकत अडकत कोण मालिका बघणार? माझी चांगली गिऱ्हाइकं, वीस-बावीस वर्षं वेळेवर पैसे देणारी, त्यांनाही विचारलं. ती म्हणाली, आम्हाला केबलच बरी, फक्त अमुक चॅनल घाला. ती खरंच बोलत होती. मी चॅनल घातले. खाली मात्र पाणी मुरत होतं.

मग १ फेब्रुवारी २०१९पासून नवे दर आले. शंभर चॅनलना १३० रुपये, त्यावर जीएसटी, पे चॅनलचे पैसे वेगळे. एमएसओशी, म्हणजे आपल्याला चॅनल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीशी, वेगळा करार नसेल तर त्या १३०पैकी ५५ टक्के त्यांचे आणि ४५ टक्के आपले, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. त्यातच लाइनमनचा पगार, पेट्रोल, वायर. माझ्या वहीतल्या बऱ्याच घरांचं बिल वाढलं. ज्या घरात दोन टीव्ही होते तिथला दुसरा पॉइंट पहिल्यांदा गेला. तोवर पोरांच्या हातातला मोबाइल सुधारला होता, आणि लॉकडाउनमध्ये तोच भिंतीवरच्या टीव्हीला जोडला गेला. कुठल्याच महिन्यात धाडकन काही पडलं नाही. दर महिन्याला तीस-चाळीस पॉइंट, बस्स. म्हणूनच कळलं नाही.

माझी खरी चूक त्याच्याही आधीची आहे. २०१४ला मला फायबर टाकून इंटरनेट द्यायची संधी आली होती. भागीदार म्हणाला, नेट चांगलं दिलं तर लोक केबल बंद करतील. हिशोब बिनचूक वाटला. मग आम्ही नेट दिलं, पण हात आखडून. वेग कमी, दर जास्त. वर ते काम केबलच्याच लाइनमनकडे. एकाच दिवशी केबलची आणि नेटची तक्रार आली की तो आधी केबलच्या घरी जायचा, कारण पगार तिथून निघतो हे त्याला माहीत होतं. चार वर्षं अशीच गेली. आपल्या गिऱ्हाइकाला आपणच नवी गोष्ट दिली नाही, दुसऱ्यानं दिली.

२०१८ला मी नेटचं सगळं काम पुतण्याकडे सोपवलं आणि दोन गोष्टी ठरवल्या. त्याचा गल्ला वेगळा. आणि त्याच्या दोन पोरांना केबलच्या कामाला कोणी हात लावायला सांगायचं नाही, मी सुद्धा नाही. पहिल्या वर्षी त्याच्याकडे जेमतेम नव्वद कनेक्शन होती. केबलच्या वसुलीपुढे ती रक्कम इतकी लहान दिसायची की भागीदार दर महिन्याला म्हणायचा, बंद करू. तिथं मी अडून बसलो. नव्या कामाला जुन्या कामाच्या तराजूत घालायचं नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. आज घर त्याच कामावर चालतंय. तुम्ही आणि वडील भांडता ते याच जागी. दोघांचा पैसा एकाच डब्यात आहे आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा तो बुडवतोय. वडिलांनी ७४० पॉइंट सांभाळावेत, त्यात नवं भांडवल एक रुपयाही घालू नये, चालेल तोवर प्रामाणिक सेवा द्यावी. तुम्हाला दर महिन्याला एक ठरलेली रक्कम द्यावी आणि दीड वर्ष तिचा नफा विचारू नये.

एक सावधगिरी. वेगळं करायचं ते आपल्या घरात, गिऱ्हाइकाच्या दारात नाही. नेटफ्लिक्स १९९७ला टपालानं डीव्हीडी पाठवणारी कंपनी म्हणून सुरू झाली आणि २००७ला तिनं स्वतःच स्ट्रीमिंग आणून स्वतःच्या डीव्हीडीला धक्का दिला. हे धाडस सगळे सांगतात. पण २०११ला तिनं डीव्हीडीसाठी क्विकस्टर नावाची वेगळी सेवा जाहीर केली, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन खाती आणि दोन बिलं. लोक इतके चिडले की काही आठवड्यांत तो बेत मागे घ्यावा लागला. डीव्हीडीचं काम त्यानंतरही शांतपणे चालू राहिलं, ते २०२३ला बंद झालं. जुनं काम किती वर्षं पैसा देऊ शकतं हेही वडिलांना यातून दाखवा. सिडकोतल्या घराला मात्र एकच फोन नंबर आणि एकच बिल.

आता ॲपबद्दल. एमएसओकडून येणारे चॅनल आपल्याला केबलवर दाखवण्यापुरते मिळतात. ते ॲपवर टाकायचा हक्क त्या करारात येत नाही. म्हणजे ॲपसाठी माल वेगळा विकत घ्यावा लागेल, आणि त्या बाजारात ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचा खिसा आपल्याला झेपणारा नाही. मालाशिवाय ॲप म्हणजे पाटी लावलेलं रिकामं दुकान. तुम्हाला कोडिंग येतं म्हणून ॲप सुचतंय, हे मी समजू शकतो. ते कौशल्य बिलिंगमध्ये आणि तक्रारींच्या नोंदीत लावा. तिथं आमच्यासारख्यांची फार आबाळ आहे.

दाखवायचंच असेल तर जे दुसरं कोणी दाखवणार नाही ते दाखवा. चैत्रातली काळाराम मंदिराची रथयात्रा, रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, लासलगाव-पिंपळगावचे रोजचे बाजारभाव, सिडकोतल्या मैदानावरचे क्रिकेटचे सामने. एक कॅमेरा, एक पोरगा आणि यूट्यूब, सुरुवातीला एवढंच. त्यातून पैसे लगेच येणार नाहीत, पण तीन महिन्यांत कळेल की लोक काय शेवटपर्यंत बघतात. दादासाहेब फाळक्यांनीही भांडवलदाराला गळ घालायला आधी मोठा चित्रपट केला नव्हता. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ला लंडनला जाऊन शिकून आले, आणि कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडंथोडं चित्रण करून ती छोटीशी फिल्म दाखवली. पैसा त्यावर उभा राहिला. नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि काम आपल्या नाशिकलाच आणलं. तुमचा वाटाणा कुठला ते शोधा.

माझा मला एका परत आलेल्या बॉक्समधून सापडला. हिरावाडीतल्या एक निवृत्त शिक्षिका, माझ्या पहिल्या साठ घरांतल्या. २०२१च्या पावसाळ्यात त्यांनी बॉक्स परत केला. ओल्या फडक्यानं पुसलेला, वायर गुंडाळून रबर लावलेली, रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच. म्हणाल्या, मुलानं नवा टीव्ही पाठवलाय, आता हे नको. मग दारातच थांबून विचारलं, पण त्या टीव्हीवर कीर्तन कसं लावायचं ते मुलाला फोनवर सांगता येत नाही, तू लावून देशील का? लाइनमननं दहा मिनिटांत लावून दिलं. त्या आठवड्यात त्यांनी आणखी दोनदा बोलावलं, आणि तिसऱ्या खेपेला शेजारच्या दोन घरांनी त्याला आत ओढलं. पासवर्ड विसरलेले, वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, रिचार्ज कुठलं करायचं कळत नाही. बंगळुरूचं कॉल सेंटर यासाठी जिना चढून येत नाही. आज आमच्या नेटच्या बिलात ही सेवा धरलेली आहे, आणि कनेक्शन टिकतं ते मुख्यतः तिच्यामुळे.

वायरचंही थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की जुनं कोएक्स, म्हणजे केबलची नेहमीची धातूची वायर, काढावं का. काढा, पण एकदम नाही. कोएक्सला ठिकठिकाणी अँप्लिफायर लागतात, त्यांना वीज लागते, लाइट गेली की पुढची गल्ली अंधारात. फायबरला मध्ये वीज लागत नाही. एकाच धाग्यावर नेट आणि केबल दोन्ही जातात: जीपॉनचं, म्हणजे घरोघरच्या फायबरचं, नेट १४९० आणि १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर, केबलचा सिग्नल १५५०वर. त्यामुळे गल्ली फायबरवर नेली तरी वडिलांचे पॉइंट बंद होत नाहीत. १:८चा स्प्लिटर, म्हणजे एका धाग्याचे आठ फाटे करणारा तुकडा, सिग्नलची ताकद साधारण १० डीबीनं खातो, म्हणून दोन स्प्लिटर एकापुढे एक लावले की २० गेले. घरात पॉवर मीटरवर उणे २० च्या आसपास दिसलं तर निर्धास्त राहा. उणे २७ला पोचलं की तक्रार येणारच. मशीनला दोष देण्याआधी कपाटामागे बघा, बहुतेक वेळा तिथं घरात येणारी ड्रॉप वायर दुमडून दाबलेली सापडते. ज्या गल्लीत दहा घरं नेट मागतायत तिथून सुरू करा.

इंटरनेटचा परवाना स्वतः घ्यायचा की कुणाचा भागीदार व्हायचं? सुरुवातीला भागीदारी. पण करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. एका कंपनीबरोबर मी घाईत सही केली. सात महिने माझा वाटा अडकला, आणि बाहेर पडलो तेव्हा गिऱ्हाइकांचे सगळे फोन नंबर त्यांच्या सिस्टीममध्ये होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या घरांना थेट फोन लावले. गल्लीतलं फायबर कुणाच्या मालकीचं, पैसे कुठल्या तारखेला, वेगळं झाल्यावर गिऱ्हाईक कुणाचं, आणि त्याच भागात दुसऱ्याबरोबर काम करायची मुभा आहे का, एवढं लेखी हवं. विकायची वेळ आलीच तरी हेच मुद्दे. घेणारा ७४० बॉक्सचे पैसे देत नसतो, तो सोसायट्यांच्या जिन्यांतून वर जाणाऱ्या तुमच्या वाटेचे पैसे देतो. आज ती वाट फक्त कोएक्सची आहे म्हणून भाव पडलाय.

सिंहस्थ २०२७चं लिहिलंत, त्यावर माझं मत स्पष्ट आहे. तपोवनात, लॉजमध्ये, तात्पुरत्या कॅम्पात मागणी येईल. तेवढ्यापुरती उपकरणं भाड्यानं आणा. त्या गर्दीच्या भरवशावर कर्ज काढून लाइन टाकू नका. साधुग्राम, म्हणजे साधूंची तात्पुरती वसाहत, उठलं की गिऱ्हाईकही उठतं.

या रविवारी वडिलांची २०१६पासूनची वसुलीची वही घेऊन दोघं बसा. प्रत्येक गेलेल्या घरापुढे लिहा: कुठल्या महिन्यात गेलं, घरात तेव्हा कोण राहत होतं, आता काय बघतात. वडिलांना यातली निम्मी उत्तरं तोंडपाठ असतील, उरलेल्यांना फोन करा. गल्लीवार यादी झाली की इथंच टाका, नावं गाळून. फायबर कुठून सुरू करायचं ते ती बघून सांगतो.