वाचकांचे प्रश्न : आधी नाटक, मग कॅमेरा

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम करते. आता एका मराठी चित्रपटात छोटी भूमिका मिळाली आहे. लाटव्हियाच्या अभिनेत्री विया आर्टमाने या आयुष्यभर नाटक सांभाळून चित्रपट करत होत्या, असं वाचलं. त्यांना ते कसं जमलं? मी कोणती तयारी करू?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : जमलं, कारण त्यांची नोकरीच नाटकात होती. १९२९ साली जन्मलेल्या विया रीगाच्या डाइलेस थिएटरच्या स्टुडिओत शिकल्या आणि १९४९पासून तिथल्याच नटसंचात राहिल्या. एडुआर्ड्स स्मिल्गिस यांनी १९२०मध्ये काढलेलं हे थिएटर. नट कायमचे, पगारी. नाटकं आलटूनपालटून लागतात, म्हणजे आज एक, उद्या दुसरं. त्यामुळे चित्रीकरणासाठी मधले दिवस मोकळे काढता येतात. आपल्याकडे दौरा लागला की महिना त्यातच जातो. ती घडी इथे जशीच्या तशी बसणार नाही. पण नाटक हेच घर मानून चित्रपटाला जाणं तुम्हालाही जमेल. १९६९मध्ये त्यांना सोव्हिएत संघाची ‘लोककलावंत’ ही पदवी मिळाली, तेव्हाही त्या डाइलेसमध्येच होत्या.

आता तयारी. भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज सेटवर नडतो. माइक वीतभर अंतरावर असतो. आवाज फाटतो आणि क्लोजअपमध्ये मानेच्या शिरा दिसतात. टेबलापलीकडच्या माणसाशी बोलतो तेवढंच बोला. भावना मात्र कमी करू नका, फक्त तिचा आकार कमी करा. बहुतेकांची चूक इथेच होते : आवाजाबरोबर जीवही काढून घेतात.

संहितेच्या समासात हालचाल शब्दाला बांधून लिहा : लांबच्या शॉटमध्ये ‘कुठे’ या शब्दावर कप उचलला, तर क्लोजअपलाही त्याच शब्दावर उचलायचा. नाहीतर संकलकाला दोन शॉट जोडता येत नाहीत आणि तुमचा चांगला टेक फुकट जातो. जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर नेमकं थांबायचं असेल तर आधी खुणेवर उभ्या राहा, उलट्या पावलांनी सुरुवातीच्या जागी जा आणि पावलं मोजा. टेकला तेवढीच पावलं पुढे या, खाली बघावं लागत नाही. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने पाहिलं की नजर अस्थिर वाटते. कॅमेऱ्याजवळचा एकच डोळा धरा.

शूटिंगहून नाटकात परतल्यावर उलटा त्रास होतो, आवाज पडलेला असतो. त्यातही वाक्याचा शेवट गिळला जातो आणि मराठीत क्रियापद नेमकं तिथेच असतं. ‘गेला’ की ‘गेला नाही’ हेच मागच्यांना कळत नाही. तालमीला कुणाला तरी मागच्या रांगेत बसवा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐकायला सांगा.

प्रश्न : विया यांचा एकच चित्रपट बघायचा तर कोणता?
– एक वाचक, विटा

उत्तर : यानिस स्ट्रेइच्स दिग्दर्शित, १९७८चा ‘टेआट्रिस’. सॉमरसेट मॉम यांच्या कादंबरीवरचा आहे. त्यात विया ज्युलिया लॅम्बर्ट या नाट्यअभिनेत्रीच्या भूमिकेत आहेत, म्हणजे रंगमंचावरचं आणि घरातलं नाटक एकाच बाईत. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. ज्युलिया कधी खरी वागते आणि कधी अभिनय करते हे नुसत्या चेहऱ्यावरून आणि हातांवरून ओळखता येतं का, ते तपासा.