शेजघर, तळघर आणि मधला ओढा

प्रश्न असा आहे: 'कॉर्टिकोहायपोथॅलॅमिक ट्रॅक्ट' म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातून (कॉर्टेक्समधून) मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे जाणारे चेतातंतू. त्याला मराठीत 'बाह्यक-अधश्चेतक मार्ग' म्हटलेलं चालेल का? आणि हायपो म्हणजे कमी, मग इथे कमी काय आहे?

दुसरं आधी घेतो, कारण ते ऐकून कान किटलेत. हायपो म्हणजे मुळात 'खाली'. हायपोडर्मिक सुई कातडीच्या खाली जाते, ती काही 'कमी कातडीची सुई' नसते. मापाच्या खाली गेलं ते कमी, असा अर्थ पुढे पसरला आणि हायपोथायरॉइडिझममध्ये तोच आहे. तेवढ्यावरून गाडी इतकी घसरली, की "मला थायरॉइड आहे"च्या चालीवर परवा एकाने मला दबक्या आवाजात सांगितलं, "त्यांना हायपोथॅलॅमस आहे." अहो, सगळ्यांनाच असतो! नसता तर काळजीचं होतं. ग्रीक 'हायपो' हा संस्कृत 'उप'चा सख्खा भाऊ आणि 'हायपर' हा 'उपरि'चा. तो उपरि झिजून झिजून आपला 'वर' झाला. 'खाली'वाल्या भावाची मात्र घरोघर परवड चालली आहे.

कॉर्टेक्स म्हणजे लॅटिनमध्ये झाडाची साल. मेंदूची ही साल जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड असते. 'बाह्यक' ठीक आहे, 'साल' जास्त बरं झालं असतं. पुढे चला.

खरी गंमत थॅलॅमसमध्ये, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या वर, मेंदूच्या मधोमध असलेल्या भागात. ग्रीकमध्ये थॅलॅमॉस म्हणजे घरातली आतली खोली, त्यातही नवपरिणितांची. आपल्याकडे त्यासाठी काय सुरेख शब्द आहे: शेजघर! त्या खोलीच्या दाराशी म्हणायच्या लग्नगीताला 'एपिथॅलॅमियम' म्हणत, आणि मेंदूत 'एपिथॅलॅमस' नावाचा भागही आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन याने हा खोलीचा शब्द मेंदूत नेला. आज पाहिलं तर तिथे खोली म्हणावी अशी पोकळीच नाही, आहेत ते अंड्याच्या आकाराचे दोन भरीव गोळे. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. मग 1893 साली शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी त्याच्या खालच्या भागाला हायपोथॅलॅमस म्हटलं. म्हणजे शेजघराखालचं तळघर. वजन सुमारे 4 ग्रॅम, आणि कारभार केवढा: भूक, तहान, झोप, अंगाची ऊब आणि शेजघराला शोभेल असा प्रजननाचा सगळा खटाटोप. हिस यांनी नाव दिलं ते निव्वळ जागा पाहून. जुळलं ते योगायोगाने.

आता 'अधश्चेतक' बघा. हिंदी परिभाषेतून आलेल्या या शब्दात खोली नाही, शेज नाही, काही नाही. चेतवणारा तो चेतक म्हणे. मला तर चेतक म्हटलं की घोडाच दिसतो, आणि अधश्चेतक म्हणजे त्या घोड्याखाली सापडलेला कोणीतरी. मेंदूत घोडा हवाच असेल तर तो आधीपासून आहे. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा. ते नाव 1587 साली इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ अरांझी यांनी ठेवलं. परिभाषा करणाऱ्या मंडळींना मूळ शब्दाचं चित्र दिसतच नाही की दिसून ते मुद्दाम पुसतात, हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यापेक्षा 'अधोथॅलॅमस' निदान प्रामाणिक तरी आहे. 'उपथॅलॅमस' सुचवणाऱ्यांनी सबथॅलॅमस नावाचा शेजारी वेगळा आहे, हे लक्षात घ्यावं.

या समुद्रघोड्यापासूनच तळघराकडे जाणारा सर्वांत देखणा तंतूंचा जुडगा निघतो, फॉर्निक्स. मागून वर चढतो, शेजघराच्या छतावरून कमानीसारखा पुढे येतो आणि समोरच्या बाजूने खाली बुडी मारून तळघरातल्या वाटाण्याएवढ्या दोन उंचवट्यांपाशी पोचतो. फॉर्निक्स म्हणजे लॅटिनमध्ये कमान. रोममध्ये अशा कमानींखालच्या तळघरांत वेश्याव्यवसाय चाले, म्हणून फॉर्निक्सला कुंटणखान्याचा अर्थ आला आणि त्यातून इंग्रजीतलं 'फॉर्निकेशन'. एकाच मेंदूत वर लग्नाचं शेजघर आणि त्याच्या छतावरून ही कमान! "पण हिप्पोकॅम्पस म्हणजे कॉर्टेक्स नव्हे" असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो: तोही कॉर्टेक्सच, फक्त सहाऐवजी तीन थरांचा जुना प्रकार. शिवाय कपाळामागच्या सालीच्या मधल्या भागातून आणि डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागातूनही तंतू तळघरात थेट उतरतात. वाईट बातमीच्या दोन ओळी वाचल्या आणि ताटावरची भूक मेली, तर अक्षरं वाचणारी साल आणि भूक सांभाळणारं तळघर यांच्यात निरोप गेला, असं समजा.

राहिला ट्रॅक्ट. 'मार्ग'वर माझा राग आहे. मार्ग म्हटला की जा-ये आली. तंतूतून निरोप एकाच दिशेने जातो, परतीचे तंतू निराळे. म्हणून या नावांत उगम आधी आणि मुक्काम नंतर असतो. कॉर्टिकोस्पायनल म्हणजे सालीकडून कण्याकडे, स्पायनोथॅलॅमिक म्हणजे कण्याकडून शेजघराकडे. एका व्याकरणपंडितांनी मला हा द्वंद्व समास असल्याचं ठणकावून सांगितलं होतं. द्वंद्वात 'आणि' असतो, इथे 'पासून' आणि 'कडे' आहेत. पंडितांना दिशेचं वावडं असावं.

माझा शब्द ऐका: ओढा. ट्रॅक्ट आला लॅटिन 'ओढणे' या क्रियापदातून. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा, त्याचाच भाऊबंद. आणि आपला ओढा कसा? वरून खाली, एकाच दिशेने वाहतो. शिवाय 'मनाचा ओढा' आहेच. तहान, भूक, झोप, शरीराचे सगळे ओढे जिथे सांभाळले जातात तिथे जाणाऱ्या तंतूंना याहून नेमका शब्द कुठला? कुणी 'पाट' सुचवलं होतं. पाट माणूस खणतो, ओढा आपला आपण वाहतो. पाण्याचा ओढा आणि मनाचा ओढा एकाच ओढण्यातून निघालेत, या मतावर मी ठाम आहे. मला तर यात कानाला खटकेल असं काही दिसत नाही. खटकत असेल तर दोनचार वेळा मोठ्याने म्हणून पाहा.

तर 'बाह्यक-अधश्चेतक मार्ग' चालेल का? परीक्षेत चालेल. एरवी 'बाह्यक-अधोथॅलॅमस ओढा' लिहा. मार्गही पुल्लिंगी, ओढाही पुल्लिंगी, म्हणजे वाक्यातली क्रियापदं आहेत तशी राहतील.